गोड मोहरीचं काय करायचं

रविवार, १४ सप्टेंबर

फ्रिजच्या दारात मस्टर्डच्या सहा बरण्या आहेत. एक इथलीच, ख्रोनिंगनची भरड, एक फ्रेंच, एक इंग्लिश पूड जी पाण्यात कालवून घ्यायची असते, एक मध घातलेली, एक काळपट जर्मन आणि एक जिच्यावर मिरचीचं चित्र आहे. लोणच्याला जागा उरली नाही म्हणून सकाळी आवरायला घेतलं आणि सौमित्रला विचारलं, ही काय भानगड आहे. तर म्हणाला, "आवडायला लागलीय."

या माणसाचा मस्टर्डवर जुना राग. ज्याला चव आणता येत नाही तो मस्टर्ड ओततो, असं त्याचं मत, आणि या बाबतीतल्या त्याच्या मताला घरात वजन आहे, कारण तेच त्याचं पोट भरतं. इथे ॲमस्टरडॅमपासून तासाभरावरच्या वाखनिंगनमध्ये वाटाण्यापासून चीज करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे. चीज हुंगायचं, चाखायचं आणि त्यात काय कमी आहे ते सांगायचं, हे त्याचं काम. तेच काम घरी तो फुकट करतो. आमटीचा पहिला घास घेतला की निकाल हजर. गोडा मसाला जुना झालाय, हिंग उशिरा पडला, कढीपत्ता फ्रीजरमधला आहे. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी रडायचे. मग भांडायला लागले, आणि हळूहळू भांडणाची गोडी लागली. आता जेवताना आम्ही दुसरं फारसं बोलतही नाही.

मी डायरी लिहिते ती काहीतरी बिनसलं की. या आधीची नोंद घर बदलतानाची आहे. आज काय बिनसलंय ते मला नीट सांगता येत नाही. मस्टर्ड आवडणं हा काही गुन्हा नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

ऑफिसच्या कॉलवर बोलत बोलत आमटी केली आणि गोडा मसाला घालायलाच विसरले. जेवायला बसल्यावर लक्षात आलं. म्हटलं, आता ऐकून घ्या शर्वरीबाई. सौमित्र जेवला. भात पुन्हा घेतला. मग उठून इंग्लिश मस्टर्डची वाटी आणली, चमचाभर आमटीभातात कालवलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्लं. शेवटी म्हणाला, छान झालंय.

"छान" हा शब्द त्याने माझ्या आमटीबद्दल कधी वापरला होता ते आठवत नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. वय झालं की माणूस निवळतो. ऑगस्टात आम्हा दोघांना तो दणदणीत सर्दी-ताप आला होता, तेव्हा मी स्वतः फणफणत असताना याला पेज करून घातली. त्याची जाण ठेवली असेल.

रविवार, २१ सप्टेंबर

निवळलाय की आणखी काही, हे बघायला मी आज मुद्दाम वाईट वागले. वरणात हिंग घातला नाही, आलं घातलं नाही, तूप जुनं वाढलं. जुन्या तुपाचा वास मला स्वतःला सहन होईना. सौमित्रने वरणभात मुकाट्याने संपवला.

मग कोशिंबिरीत मीठ कमी घातलं होतं, ते मात्र पहिल्या घासाला सांगितलं. "मीठ नाहीये." मी आनंदाने जवळजवळ उडालेच. म्हटलं, आला परत. विचारलं, आणि वरण कसं होतं. तो माझ्याकडे बघायला लागला. परीक्षेत अभ्यासाबाहेरचा प्रश्न आल्यावर मुलं बघतात तसं. मग म्हणाला, "नेहमीसारखं."

मीठ कळतं आणि हिंग कळत नाही? असं कसं होईल. म्हणजे कळत असणार आणि तो सांगत नसणार. माझ्याशी भांडायचंही सोडून दिलंय त्याने. मीठ कमी हे तर खानावळीतलं गिऱ्हाईकही सांगतं. बाकीचं फक्त बायकोला सांगायचं असतं, ते बंद झालं. आमच्या संसारात हे चिन्ह चांगलं नाही, आणि आज मला पहिल्यांदा भीती वाटली.

रविवार, २८ सप्टेंबर

मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. करपलेल्या दुधाचा वास जिन्यावरून वर आला. धावत खाली आले तर पातेलं तळाशी काळं, स्वयंपाकघर धुराने भरलेलं, आणि सौमित्र पाठमोरा बसून लॅपटॉपवर. पातेल्यापासून तीन पावलांवर. मी ओरडले तेव्हा तो वळला, आणि तेवढ्यात धुराचा अलार्म वाजायला लागला.

मी खूप बोलले. एरवी त्याने उलट बोलून दाखवलं असतं की दूध तू ठेवलंस. आज तो घाबरलेला दिसला. पांढराफटक. सॉरी, सॉरी म्हणत पातेलं घासत बसला, ते स्वच्छ झाल्यावरही घासत होता. लक्ष कुठे आहे या माणसाचं? माझ्या हातचं गोड नाही, घर जळलं तरी पत्ता नाही. हा माझ्यापासून दूर चाललाय. कुठे चाललाय ते कळलं तर निदान रस्त्यात आडवी तरी पडेन.

शनिवार, ४ ऑक्टोबर

हल्ली शनिवारी सकाळी हा सायकल काढून बाहेर पडतो आणि दोन तासांनी येतो. बाजारात जातो म्हणतो. आज हातात बाजाराची पिशवी नव्हती. बरणी होती. सातवी. बव्हेरियाची गोड मस्टर्ड, तांबूस, भरड, जाड्या रव्याच्या सांज्यासारखी दिसणारी. तिकडे ती पांढऱ्या सॉसेजबरोबर खातात म्हणे.

मग त्याने सगळ्या बरण्या टेबलावर ओळीने मांडल्या, पावाचे तुकडे केले आणि मला बसवलं. कित्येक दिवसांनी तो माझ्याशी खाण्याबद्दल बोलत होता, म्हणून मी बसले. त्याची सगळ्यात आवडती इंग्लिश. का, तर ती कपाळापर्यंत जाते. मग फ्रेंच, मग मिरचीवाली. ख्रोनिंगनची बरी, दाताखाली दाणे फुटतात म्हणून. हे ऐकताना मला चमत्कारिक वाटलं. जो माणूस तांदळाच्या वासावरून तो नवा की जुना सांगायचा, तो आज दाणे फुटतात एवढ्यावर खूश.

मला गोड आवडली. तसं म्हटल्याबरोबर तो पुढे सरकला. काय काय लागतंय? मी म्हटलं, गोड. आणखी? आंबट. आणखी, शर्वरी? गुळासारखं काहीतरी, लवंग असेल, मला काय विचारतोस, तू त्यातला. त्याने बोटभर चाटली, डोळे मिटले, बराच वेळ तसाच राहिला. मग म्हणाला, यात मला काहीच नाही मिळत, आणि झाकण लावून टाकलं. एवढी आवडत नव्हती तर आणली कशाला?

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अश्लेषाला फोन केला. ती ॲमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहते, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आणि लोकांच्या संसारात तिचं डोकं फार चालतं. तिने सगळं ऐकून घेतलं, आधी म्हणाली राईचा पर्वत करू नकोस, आणि लगेच विचारलं, ती गोड मस्टर्ड कुणी दिली.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, उर्सुलाने. कोण उर्सुला? ओळखीची आहे, शनिवारी भेटते, जर्मन आहे. एवढं सांगून भांडी घासायला उठला. अश्लेषाला कळवलं. तिने नुसता "हं" असा मेसेज पाठवला. तो हं मला रात्रभर पुरला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सासूबाईंचं दिवाळीचं पार्सल आलं. लीलावतीबाई ठाण्याहून दर वर्षी चिवडा, कडबोळी आणि बेसनाचे लाडू पाठवतात, आणि हा दर वर्षी पिशवी फोडून आधी त्यात तोंड घालतो. आजही घातलं. मग मान वर काढली, पुन्हा घातली. असं तीन-चारदा केलं. मग पिशवीला रबर लावून ती कपाटात सगळ्यात वर ठेवून दिली.

मी विचारलं, खवट झालंय का? मी हुंगून बघितलं तर काही नाही, बेसन तुपात अगदी खमंग भाजलेलं, वेलची. त्याने नुसती मान हलवली आणि म्हणाला, तूच खा. आईंचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, फार सुंदर झालेत, बेसन अगदी घरासारखं भाजलंयस. एक लाडूसुद्धा न खाता. आईशी खोटं बोलणारा हा माणूस नव्हता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन झालं. उदबत्ती लावायची तो विसरला. आठवण केली तर म्हणाला, हो, लाव ना, तुझ्यासाठी लाव.

माझ्यासाठी?

शनिवार, २५ ऑक्टोबर

उर्सुला जेवायला आली. मीच बोलावलं होतं. म्हटलं, बघू तरी. मी चंदेरी साडी नेसले, कानातले घातले. दार उघडलं तर समोर साठी ओलांडलेली एक बाई, पिकलेल्या केसांच्या दोन वेण्या, पायात चिखलाचे बूट, आणि मागे तिचा नवरा सेप, हातात पांढऱ्या सॉसेजचं पुडकं आणि गोड मस्टर्डची आणखी एक बरणी. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या बाईला मिठीच मारली. नंतर सगळं कठीण होत गेलं.

सॉसेज मी करते म्हणाले. पाहुण्यांनी आणलं म्हणून काय, त्यांना करायला लावायचं? सेप काहीतरी सांगत होता, पण मी म्हटलं, बसा हो. मटण आपण कसं करतो? कुकरला, तीन शिट्ट्या. कच्चं राहिलं तर पाहुण्यांचं पोट बिघडायचं. दुसऱ्या शिट्टीला सेप स्वयंपाकघराच्या दारात आला आणि कुकरकडे बघत उभा राहिला. झाकण उघडलं तर आत सॉसेज नव्हतंच. सालं एकीकडे, आतलं सगळं पेजेसारखं. ते म्हणे नुसत्या गरम पाण्यात ठेवायचं असतं, उकळी फुटू द्यायची नाही, मग साल काढून टाकायची, गोड मस्टर्ड लावायची आणि बारा वाजायच्या आत खायचं. मला कुणी सांगितलं असतं तर! सांगतच होता बिचारा.

मी ते तसंच भांड्यात वाढलं. घरभर त्याचा वास झाला होता, उकडलेल्या मांसाचा, लिंबाच्या सालीचा, जायपत्रीचा. सेप सभ्य माणूस, त्याने दोन चमचे घेतले आणि पाव मात्र पुष्कळ खाल्ला. सौमित्र आणि उर्सुला दोघं मजेत खात होते. जणू काही झालंच नाही. उर्सुला म्हणाली, मी सायकलवरून डोक्यावर पडले ना, तेव्हापासून मला सगळं मस्टर्डबरोबर चालतं. मी म्हटलं, अरे वा. डोक्यावर पडण्याचा आणि मस्टर्डचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण विचारणं बरं दिसलं नसतं.

मग तिने गोड मस्टर्डची बरणी सौमित्रपुढे सरकवली आणि इंग्रजीत हळूच विचारलं, आज काही? त्याने बोटभर घेतली. डोळे मिटले. तो मानेनेच नाही म्हणाला. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि त्यात मला वाईट वाटावं असं काही नव्हतं, पण वाटलं. माझा नवरा या बाईला काहीतरी सांगतो जे मला सांगत नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

विचारलं सरळ. शनिवारी कुठे जातोस? म्हणाला, उर्सुला एक गट चालवते, पाच-सहा जण असतात. कसला गट? म्हणाला, सरावाचा. कसला सराव? सांगेन गं, म्हणाला, थोडं थांब.

अश्लेषा म्हणते बायको सोडण्याआधी इथे लोक समुपदेशकाकडे जातात. बायको सोडण्याचा सराव करतात हे मी तरी ऐकलेलं नाही. पण या देशात कशाचेही क्लास असतात.

रविवार, २ नोव्हेंबर

आज सकाळी उठले ती ठरवूनच. याला मोहरीच हवी आहे ना, मग माझी घे. बरण्यांतली मेलेली नाही, जिवंत. आई नाशिकला काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसून लावायची. खलबत्ता काढला, मोहरी कुटली, मीठ, साखर, थोडं थोडं पाणी, आणि फेसायला बसले. फेस पांढरा होईपर्यंत हात थांबवायचा नाही. झणका नाकात चढला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, शिंका आल्या. छान चढली होती.

सौमित्र आला. खलावर वाकला आणि नाक जवळजवळ आत घालून मोठ्ठा श्वास घेतला. मी म्हटलं, अरे अरे, मस्तकात जाईल. त्याच्या डोळ्यांतून धार लागली. मला हसायला आलं. मी खल बाजूला ओढला, झाकण ठेवलं, खिडकी उघडली. माझे डोळे थांबले. त्याचे थांबेनात. तो खुर्चीवर बसला आणि खांदे हलायला लागले, तेव्हा मला कळलं की हे मोहरीचं नाही.

"शर्वरी, मला वास येत नाही," तो म्हणाला. "तापापासून. कशाचाच नाही."

मी वेड्यासारखी म्हणाले, आत्ता तर आला. म्हणाला, तो वास नाही, ती आग आहे. आग कळते. मीठ, साखर, आंबट, कडू कळतं. बाकी सगळं पुसलं गेलंय. तिखट मस्टर्ड खाल्ली की नाकात काहीतरी होतं, तेवढाच आधार वाटतो. गोड मस्टर्डमध्ये आग नाही, म्हणून उर्सुला गटातल्या प्रत्येकाला ती देते. तिच्यात काही मिळालं तर तो खरा वास. त्याला अजून काही मिळालेलं नाही. शनिवारी ते सगळे लवंग, लिंबू, गुलाब असं हुंगतात आणि आठवायचा प्रयत्न करतात.

कामावरही त्याने सांगितलेलं नाही. बाकीचे चाखणारे काय म्हणतात ते ऐकून घेतो आणि तेच थोड्या वेगळ्या शब्दांत म्हणतो. मागच्या महिन्यात त्याने पास केलेला चीजचा एक नमुना कुणाला तरी कुबट लागला, तेव्हापासून त्याला झोप नाही.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस. तो नाक पुसत म्हणाला, "तू रोज विचारलं असतंस. आला का, आला का."

विचारलं असतं. दिवसातून दहा वेळा विचारलं असतं. मला राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते मला कळेना. मी खल धुवायला घेतला. आणि मी त्याला हिंगाविना वरण आणि जुनं तूप खाऊ घालून त्याची परीक्षा घेतली होती. त्याला ते सांगितलं. तो रडता रडता हसला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काल त्याने कंपनीत सांगितलं. वरिष्ठ बाई चांगली वागली म्हणे, सध्या दुसरं काम देते म्हणाली, पुढचं पुढे बघू. पुढचं म्हणजे काय ते कुणालाच माहीत नाही. वास कधी महिन्याने येतो, कधी वर्षाने, कधी, उर्सुलाचं झालं तसं, येतच नाही.

संध्याकाळी मी त्याच्यासाठी वास बोलून दाखवत होते. कांदा, म्हटलं. किती परतलेला? बदामी. कडेला करपलाय? थोडा. मग आच कमी कर. आज पहिल्यांदा माझ्याशी नीट भांडला आणि मला फार बरं वाटलं. आम्ही जेवलो. त्याने गोड मस्टर्ड पोळीला लावून खाल्ली, काही मिळालं नाही, बरणी परत ठेवली.

हात धुताना मी विचारलं, तुला सगळ्यात जास्त काय चुकल्यासारखं वाटतं? मला वाटलं होतं आंबेमोहर म्हणेल, नाहीतर आईचे लाडू.

तो म्हणाला, "घरात शिरलो की तू आहेस की नाही ते आता बघावं लागतं."

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, म्हणजे माझा वास? कसला वास? कसा होता? हा माणूस जगातल्या कुठल्याही वासाला दहा शब्द लावतो, त्याचा पगार घेतो. तो बोलायला लागला, थांबला, पुन्हा सुरुवात केली, धुतलेल्या सुती कापडासारखं काहीतरी म्हणाला, मग नाही, तसं नाही, म्हणाला. मी विचारलं, काही कमी होतं का त्यात. म्हणाला, ते कधी बघितलंच नाही.

तो वर गेल्यावर मी माझं मनगट नाकाशी नेऊन बघितलं. मग कुडत्याची बाही, मग केसांची बट. साबण आला, कांदा आला. माझा असा काही आला नाही. म्हणजे तो वास या घरात त्याला एकट्यालाच येत होता, आणि आता कुणालाच येत नाही.